पडद्याआडची नाडी

साल १६७५. जुन्नरचा मोगल अधिकारी मुखलिस खान याच्या जनानखान्यात एक बाई आजारी होती. खानाने मुंबईच्या इंग्रजांकडे डॉक्टर मागितला, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर कल्याण-मुरबाडच्या बाजूने सह्याद्री चढून जुन्नरात पोहोचला. जाताना अवघड घाटवाट वाट्याला आली, परतताना तो नाणेघाटाने उतरला.

पुढे काय घडलं ते त्याने लिहून ठेवलं आहे. त्याला एका पलंगापाशी नेलं. भोवती रेशमी पडदे सोडलेले. पडद्याखालून हात घालून नाडी बघायची, एवढीच मुभा. त्याच्या हातात आधी एका धडधाकट दासीचं मनगट दिलं. डॉक्टर खरं बोलतो की नाही, याची ती परीक्षा होती. ही बाई आजारी नाही, असं त्याने सांगितल्यावर मग खऱ्या रुग्णाचा हात पुढे आला. तिला कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, बाळंतपणं किती झाली, हे तिच्या तोंडून कळायची सोय नव्हती. आजारी बाई म्हणजे पडद्याखालून आलेलं एक मनगट.

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या डिंभ्याहून जुन्नर फार लांब नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी गेलं की मला किल्ल्याइतकंच ते मनगट आठवतं. पहिल्या स्त्री डॉक्टरांची गोष्ट आपण ‘पहिली पदवीधर’, ‘पहिली परदेशी गेलेली’ अशी सांगतो. मला ती या पलंगापासून सांगावीशी वाटते. बाईला आपलं दुखणं सांगता यावं, समोरच्याने ते ऐकावं आणि तपासावं, यासाठी पुढे दोनशे वर्षं लागली.

बायकांची ही अडचण पुण्यात जाहीरपणे मांडली पंडिता रमाबाईंनी. १८८२ मध्ये शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. पुरुष डॉक्टरपुढे बोलायची लाज वाटते म्हणून या देशातल्या बायका अकाली मरतात, तेव्हा मुलींना वैद्यकाचं शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतरची तीन-चार वर्षं भराभर हलली. १८८३ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडले. त्याच वर्षी इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची मुंबईत आल्या. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी झगडलेल्या सात मुलींपैकी त्या एक. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांसाठी उभं राहिलेलं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं आणि तिथला कारभार बायकांच्या हाती आला.

१८८६ याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, आणि तिकडे अमेरिकेत आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई कल्याणात वाढलेल्या. ज्या कल्याणावरून फ्रायर घाटाकडे निघाला, तेच हे कल्याण. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते जगलं असतं, हे त्या मुलीच्या मनातून गेलं नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भरसभेत भाषण केलं. भारताला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिने सांगितलं. तेव्हा ती अठराचीही नव्हती. एप्रिलमध्ये तिचं जहाज कलकत्त्याहून सुटलं, आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला.

तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. मला ही निवड तिच्या पदवीइतकीच मोठी वाटते. अमेरिकेतल्या थंडीत लुगडं नेसून, बिघडत्या तब्येतीने शिकणारी ही मुलगी आपल्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीकडे बघत होती. जिथे तिचं मूल गेलं, तिथेच तिचं शास्त्र सुरू झालं. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं पदही तिच्यासाठी ठरलं. पण क्षयाने तिला तिथवर पोहोचू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता.

म्हणून तिच्या शेजारी डॉ. रखमाबाईंचं नाव घ्यायलाच हवं, कारण रखमाबाईंना काम करायला आयुष्य मिळालं. ते आधी कोर्टातून सोडवून घ्यावं लागलं. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये लागला. तुरुंग पत्करेन, असं त्यांनी ठणकावलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पेचीबाईंच्या पाठबळाने त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. परतल्यावर सुरतेत आणि नंतर राजकोटात त्यांनी तीसहून अधिक वर्षं बायकांचं रुग्णालय सांभाळलं. तीस वर्षांत किती जणींनी त्यांच्यापाशी तोंड उघडलं असेल! तो हिशेब कुठल्याही निकालपत्रात नाही. कोल्हापुरातलं आनंदीबाईंचं अपुरं राहिलेलं काम पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी केलं.

आता डिंभ्याकडे येतो. घोड नदीवर धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्यात गेलं, आणि वरच्या वाड्यावस्त्यांना पाण्याला वळसा घालून खाली यावं लागतं. इथली महादेव कोळी बाई हिरड्याच्या दिवसांत रानात दिवस काढते, डोक्यावर भारा घेऊन चढ-उतार करते, आणि दुखणं अंगावर काढते. दवाखान्यात आली की केसपेपर काढायच्या आधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाई डॉक्टर हायेत का? नसल्या तर ती कंबर दुखते एवढंच सांगते आणि गोळ्या घेऊन जाते. अंगावरून पांढरं जातं, पाळी थांबत नाही, अंग बाहेर येतं, हे सगळं त्या एका ‘कंबरे’त दडवलेलं असतं. पुरुष डॉक्टर कितीही मायाळू असला, तरी त्याच्या हाती मनगटच लागतं.

आमच्या डोंगरातल्या सुइणींनी हे बोलणं पिढ्यानपिढ्या ऐकून घेतलं. आज आशाताई ऐकतात, नर्सबाई ऐकतात. त्यांच्यापाशी ती मोकळी होते, पण तपासून निदान करणारी बाई बहुतेक वेळा घोडेगावला, मंचरला, नाहीतर थेट पुण्याला. तोवर मजुरी बुडते, एसटी चुकते, आणि दुखणं पुढच्या हिरड्यापर्यंत लांबतं.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलींना बंधपत्राच्या सेवेसाठी केंद्र निवडावं लागतं. त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणी हा लेख वाचत असेल, तर विनंती आहे : यादीत आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातलं एखादं केंद्र दिसलं, तर लेकीला ‘लांब आहे, नको’ म्हणू नका. एक वर्ष तिला इथे येऊ द्या. दाराशी उभ्या असलेल्या बाईला ‘आहेत, आत या’ एवढं उत्तर मिळू द्या.