गाडीला आपला दिवा गेल्याचे कळते कसे?

रात्री मोटार चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतो, आरशात मागची वाहने दिसतात, समोरच्या फलकावर वेग आणि इंधन दिसते. दिसत नाही ती फक्त त्याच्या स्वतःच्या गाडीची पाठ. मागचे तांबडे दिवे लागले आहेत की नाहीत हे मागून येणाऱ्या प्रत्येकाला कळते, ज्याला कळायला हवे त्याला मात्र कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडतो. पुढे गाडी आहे हे त्याच्या चालकाला दोन सेकंद उशिरा उमगले, तर मधले ४४ मीटर ब्रेकवर पाय न पडताच संपलेले असतात.

पुढच्या दिव्यांचेही तसेच. दोहोंपैकी एक गेला की समोरून येणाऱ्याला ती मोटार नसून मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून उजवा दिवा गेलेला असणे अधिक घातक. अशा वेळी दिसतो तो कडेचा डावा दिवा, आणि गाडीची उरलेली सगळी रुंदी अंधारात रस्त्याच्या मध्याकडे पसरलेली असते.

म्हणून आजच्या पुष्कळ गाड्यांत चालकासमोरच्या फलकावर एक लहानसे पिवळे चिन्ह असते. कुठे बल्बच्या आकृतीत उद्गारचिन्ह काढलेले असते, तर कुठे किरण फुटलेल्या वर्तुळात. फलकावरच्या रंगांना ठरलेले अर्थ आहेत. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे अमुक एक गोष्ट चालू आहे, निळा म्हणजे पुढच्या दिव्यांचा लांबवरचा झोत चालू आहे आणि पिवळा म्हणजे लवकर लक्ष घाला. हे पिवळे चिन्ह पेटले, की गाडीचा बाहेरचा एखादा दिवा बिघडला आहे असे समजायचे.

आता खरा प्रश्न. चालकाला जे दिसत नाही ते गाडीला कसे कळते? दिव्यावर नजर ठेवायला तिथे कोणताही डोळा बसवलेला नसतो. गाडी दिवा पाहत नाही, दिव्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजते. एवढे ध्यानात ठेवले, की हे चिन्ह खरे कधी बोलते आणि फसते कधी, याचा उलगडा आपोआप होतो.

प्रवाहाची मोजदाद

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. ब्रेक दाबल्यावर लागणारा मागचा नेहमीचा तंतूचा बल्ब २१ वॅटचा असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, म्हणजे त्यातून सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह जातो. मागे सतत लागलेला ५ वॅटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो. बल्ब उडाला म्हणजे त्यातला टंगस्टनचा तंतू तुटला. तंतू तुटला की वाट तुटली आणि प्रवाह शून्यावर आला. तेव्हा तारेतून किती प्रवाह जातो हे ज्याला समजेल, त्याला बल्बची खबर बसल्या जागी मिळेल.

ही कल्पना वळणाचा इशारा देणाऱ्या दिव्यांत फार जुनी आहे. जुन्या गाड्यांत हे दिवे मिचकावण्याचे काम दोन धातूंची जोडपट्टी करत असे. दिव्यांचा प्रवाह पट्टीतून किंवा तिला तापवणाऱ्या तारेतून जाई, पट्टी तापून वाकली की जोड सुटे, निवली की पुन्हा जुळे. पुढचा आणि मागचा असे दोन दिवे मिळून साडेतीन अँपिअर घेत. त्यांतला एक गेला की प्रवाह निम्मा होई, पट्टी पुरेशी तापत नसे, आणि फलकावरची खूण नेहमीसारखी न मिचकता संथ होई किंवा पेटून तशीच राही. आजच्या इलेक्ट्रॉनिक रचनेत नेमके उलटे करतात. प्रवाह कमी झाला की मिचकणे मुद्दाम भरभर केले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत या दिव्यांनी मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा मिचकावे असे ठरवले आहे. त्याहून घाईने टिकटिक ऐकू आली, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असे बहुधा खुशाल धरावे.

स्वीडनची तराजू

मागच्या तांबड्या दिव्यांसाठी स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने जी युक्ती वापरली ती मला सर्वांत देखणी वाटते. १९७४ ते १९९३ या काळात बनलेल्या तिच्या २४० मालिकेतील गाड्यांत ती होती. संगणकाचा तिच्यात मागमूसही नव्हता.

तिचे मर्म 'रीड स्विच' नावाच्या वस्तूत आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो तयार केला. काचेच्या बारीक नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पात्या बंद केलेल्या असतात. त्यांची टोके एकमेकींच्या अगदी जवळ, पण सुटी. जवळ चुंबकीय क्षेत्र आले की पात्या एकमेकींना ओढतात, टोके चिकटतात आणि प्रवाहाला वाट मिळते. क्षेत्र गेले की पात्या पुन्हा अलग होतात.

आता या नळीभोवती तारेची दोन वेटोळी गुंडाळली आहेत असे समजा. एका वेटोळ्यातून डाव्या दिव्याचा प्रवाह जातो, दुसऱ्यातून उजव्याचा, पण उलट दिशेने. दोन्ही दिवे ठीक असले की दोन्ही प्रवाह सारखे. एकाचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याचे खोडून काढते आणि पात्या स्वस्थ राहतात. एक दिवा गेला की तराजूचे एक पारडे रिकामे होते. उरलेल्या वेटोळ्याचे क्षेत्र पात्यांना जुळवते आणि फलकावरचा इशारा पेटतो.

हे तुम्हाला घरीही पाहता येईल. काडेपेटीच्या खणात मावेल असे लहान होकायंत्र, विजेरीचे दोन तंतूवाले बल्ब (२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर), दीड व्होल्टचे दोन सेल आणि दोन रंगांची, आवरण असलेली बारीक तार एवढे साहित्य पुरे. होकायंत्र खणात ठेवा. तांबडी आणि हिरवी तार शेजारी-शेजारी धरून खणाभोवती लांबीच्या दिशेने एकदमच दहा वेढे घ्या. मधून सुई दिसेल अशी फट ठेवा. सेल एकापुढे एक जोडा आणि खणापासून वीतभर लांब ठेवा, कारण त्यांच्या लोखंडी वेष्टनाने सुई ढळते. आता तांबड्या तारेचे सुरुवातीचे टोक आणि हिरव्या तारेचे शेवटचे टोक सेलच्या एकाच बाजूला जोडा. उरलेल्या दोन टोकांना एकेक बल्ब लावून बल्बांची दुसरी बाजू सेलच्या दुसऱ्या टोकाला आणा. वेढे सुईला समांतर येतील असा खण फिरवून ठेवा.

दोन्ही बल्ब लागले तरी सुई जवळजवळ हलणार नाही. एक बल्ब सैल करा, सुई झटकन बाजूला वळेल. दुसरा बल्ब सैल केलात तर ती विरुद्ध बाजूला वळेल. आणि दोन्ही सैल केले तर?

सुई मुकाट्याने पुन्हा उत्तरेकडे पाहील. या युक्तीची उणीव हीच. ती तुलना करते. दोन्ही दिवे एकदम गेले तर दोन्ही पारडी रिकामी, म्हणजे समतोलच! गाडीची पाठ पूर्ण अंधारात आणि फलकावर इशारा नाही. उलट, दोन्ही दिवे उत्तम असूनही त्यांतला एक वेगळ्या बनावटीचा असला आणि थोडा कमी-अधिक प्रवाह घेत असला, तरी हा तराजू ढळतो आणि उगाच इशारा पेटतो. म्हणून अशा गाड्यांत जोडीचे बल्ब एकाच बनावटीचे बसवणे शहाणपणाचे.

आजच्या गाड्यांत तुलना करत नाहीत, प्रत्येक दिव्याचा प्रवाह वेगळा मोजतात. एका पद्धतीत दिव्याच्या वाटेवर अगदी क्षुल्लक रोध ठेवतात. समजा तो ओहमचा शंभरावा भाग आहे. पावणेदोन अँपिअर प्रवाहाला त्याच्या दोन टोकांत साडेसतरा मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि गाडीतला छोटा संगणक तो वाचतो. फरक शून्य म्हणजे वाट तुटली, फाजील मोठा म्हणजे तार कुठेतरी घासून पत्र्याला टेकली. काही गाड्या दिवा बंद असतानाही तारेत प्रवाहाचे इवलेसे धक्के सोडून पाहतात. ते इतके क्षणिक असतात की तंतू तापून उजळायला त्याला सवडच मिळत नाही.

चिन्ह पेटले, आता काय?

आधी गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि दिवे लावून भोवती एक फेरी मारावी. ब्रेकच्या दिव्यांसाठी कोणाला तरी मागे उभे करावे. कोणी नसेल तर गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा आणि भिंतीवर पडणारा तांबडा उजेड आरशात पाहावा.

गेलेला दिवा सापडला की चालकाने इंजिन आणि दिवे बंद करून बल्ब निवू द्यावा. (हे काम मोठ्या माणसांबरोबरच पाहावे. काही गाड्यांत पुढे झेनॉन वायूचे दिवे असतात आणि ते पेटवायला हजारो व्होल्ट लागतात. त्यांना हात लावू नये.) तंतू तुटलेला दिसला किंवा काच आतून काळवंडलेली असली तर बल्ब गेला. तंतू उंच तापमानाला कणाकणाने झिजतो, आणि ती झीजच काचेवर काळी होऊन बसते. पुढच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून ती जागा कमजोर होते.

बल्ब धड दिसत असेल तर डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहावा. दोष बल्बाबरोबर दुसरीकडे गेला तर बल्ब वाईट. तो जागच्या जागी राहिला तर बल्ब निर्दोष आहे, मग फ्यूज, होल्डर किंवा तार यांच्याकडे वळावे. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल.

सगळ्यांत चकवणारा दोष असतो तो 'अर्थ'चा. मोटारीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. प्रवाह परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून, आणि अंगाला जिथे तो उतरतो त्या सांध्याला मेकॅनिक लोक अर्थ म्हणतात. पावसाळ्यात तिथे गंज चढतो. समजा गंजामुळे १ ओहम रोध वाढला. पेटलेल्या २१ वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ७ ओहम असतो. म्हणजे १२ पैकी दीड व्होल्ट गंजातच खर्ची पडतो आणि बल्बला साडेदहा मिळतात. दाब आठव्या हिश्शाने घटला, पण तंतूचा उजेड दाबापेक्षा फार वेगाने उतरतो आणि तो जवळजवळ दोन-तृतीयांशावर येतो. प्रवाह मात्र थोडासाच कमी झालेला असतो. गाडीला वाटते सारे ठीक आहे!

अर्थ पुरताच तुटला तर आणखी मौज. मोरी तुंबली की पाणी दुसरीकडून वाट काढते, तसा प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलटा शिरतो आणि दूरच्या एखाद्या अर्थला जाऊन मिळतो. मग ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद पेटतो, इशाऱ्याचा दिवा लावला की मागचा तांबडा दिवाही तालात लुकलुकतो. असे दृश्य दिसले तर बल्बांवर पैसे घालवू नयेत. दिवा पेटलेला ठेवून होल्डरचे अर्थचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टमापक लावावा. तो जवळजवळ शून्य दाखवायला हवा. एक-दीड व्होल्ट दाखवू लागला तर तो सांधा खरवडून स्वच्छ करून घट्ट आवळावा. दुरुस्तीनंतर चिन्ह लगेच गेले नाही तर घाबरू नये. पुष्कळ गाड्यांत तो दिवा पुन्हा लावल्याशिवाय किंवा गाडी बंद करून सुरू केल्याशिवाय नवी मोजणी होत नाही.

एलईडीचा घोटाळा

अलीकडे तंतूचा बल्ब काढून त्याजागी एलईडी बसवण्याची हौस पुष्कळांना असते. एलईडी तितकाच उजेड फार थोड्या प्रवाहात देतो. पण गाडीला उजेड कुठे दिसतो? प्रवाह घटला एवढेच तिला कळते, आणि लख्ख उजळलेल्या दिव्याबद्दल ती इशारा पेटवते. तपासणीचे इवलेसे धक्के तंतूला दिसू न देता जात. एलईडी क्षणात पेटतो, म्हणून बंद असतानाही तो फुरफुरतो. कारखान्यातूनच एलईडी घेऊन येणाऱ्या गाड्यांत ही अडचण नसते, कारण त्यांची मोजणी त्या कमी प्रवाहासाठीच बेतलेली असते.

यावर बाजारात एक उपाय मिळतो. एलईडीला समांतर असा साधारण ६ ओहमचा रोध जोडतात. १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर प्रवाह जातो, गाडीला जुना बल्ब असल्याचा भास होतो आणि पिवळे चिन्ह विझते. त्या रोधात २४ वॅटची उष्णता मात्र नुसती वाया जाते आणि प्लॅस्टिकजवळ बसवला तर ते वितळवते. शिवाय पुढेमागे एलईडी बंद पडला तरी रोधातला प्रवाह तसाच चालू राहतो. मागचा दिवा विझलेला असतो आणि फलकावर काहीही पेटत नाही.