ट्रॉलीमागचा लाल त्रिकोण



गळीत हंगाम सुरू झाला की रात्री कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रीघ लागते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढे नुसता काळोख दिसतो. ऊस अगदी तोंडाशी आला म्हणजे कळते, की इथे गाडी उभी आहे! पण तोवर वेळ गेलेली असते. म्हणून या अंकात आम्ही गाडीच्या दिव्यांचे आणि रिफ्लेक्टरचे नियम सोप्या भाषेत सांगत आहोत.

हे नियम आले कुठून? युरोपात एका देशाची मोटार दुसऱ्या देशात जाई, पण दिव्यांचे कायदे जागोजागी वेगळे. त्यावर तोडगा म्हणून २० मार्च १९५८ रोजी जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगामार्फत करार झाला. करारातल्या एका देशाने तपासून पास केलेला दिवा दुसऱ्याने पुन्हा न तपासता मान्य करायचा. अशा दिव्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर आणि देशाचा आकडा असतो : १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. भारत या करारात नाही; मात्र १९९८ च्या दुसऱ्या जागतिक करारात आपण २००६ साली सामील झालो.

रिफ्लेक्टरच्या नियमाचे सार एवढेच : पुढे पांढरा, मागे लाल, बाजूला पिवळा. लाल दिसला की गाडीची पाठ, पांढरा दिसला की तोंड. आणि ट्रॉलीला मागे त्रिकोणीच रिफ्लेक्टर हवा, टोक वर, बाजू १५ ते २० सेंटिमीटर. मोटारीच्या मागे त्रिकोण लावायचा नाही. का? तर दोन लाल त्रिकोण दिसले, की पुढे ट्रॉली आहे हे ड्रायव्हरने लांबूनच ओळखावे.

ताशी ४० किलोमीटरहून जास्त न पळणाऱ्या वाहनांसाठी आणखी एक पाटी आहे. कोपरे छाटलेला हा त्रिकोण दिवसा मधल्या भागाने उठून दिसतो आणि रात्री कडेने चमकतो. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात निघाली, तीही शेतीच्या ट्रॅक्टरांचे अपघात पाहूनच.

रिफ्लेक्टरला ना बॅटरी लागते, ना वायर. त्याच्या आत बारीक बारीक कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्याच्या तीन बाजू एकमेकींशी काटकोनात, त्यामुळे प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो. म्हणून इंजिन बंद पडले तरी तो काम करतो, आणि बैलगाडीलाही चालतो.

आता हिशेब करा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. गाडी थांबायची ती त्यापुढे. तेव्हा ट्रॉली लांबून दिसलीच पाहिजे.

मागे दोन लाल रिफ्लेक्टर बसवणे आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणेही बंधनकारक आहे. परंतु बसवून भागत नाही. धूळ-चिखलाने माखलेला किंवा लोंबत्या उसाखाली झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. फडातून गाडी निघताना एकदा मागे जा, फडक्याने तो पुसा, आडवा आलेला ऊस कापून टाका. दोन मिनिटांचे काम आहे. मागून येणारा पोरगा कदाचित आपल्याच घरचा असेल.