जुन्या घराची वळचण : फेशिया आणि सॉफिटची दुरुस्ती

1. ओळख

रायपूरच्या पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा अशा जुन्या वस्त्यांत उतरत्या छपराची घरे अजून दिसतात. कौलांना इथे विदर्भासारखेच कवेलू म्हणतात, छत्तीसगढीत खपरा. छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग म्हणजे वळचण. वाशांची टोके झाकणारी उभी फळी म्हणजे फेशिया आणि वळचणीचा खालून दिसणारा आडवा पृष्ठभाग म्हणजे सॉफिट. अनेक घरांत पन्हळ या फेशियालाच अडकवलेली असते.

2. फळी का कुजते?

‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. छपराचे सगळे पाणी याच रेषेवर येते. 6 मीटर लांब आणि आडव्या मापाने 4 मीटर रुंद छपरावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर

24 चौ. मी. × 0.05 मी. = 1.2 घनमीटर,

म्हणजे तासाला 1200 लिटर पाणी वळचणीवर येते.

लाकूड तंतूंच्या टोकाकडून फार वेगाने पाणी शोषते. वाशांची उघडी टोके नेमकी इथेच असतात. मे महिन्याच्या कडक उन्हात फळी आकसते, रंगाला चिरा पडतात आणि जुलैत त्याच चिरांतून पाणी शिरते. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांखाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून आपले पहिले काम पाण्याची वाट शोधण्याचे आहे. ती तशीच ठेवून बसवलेली नवी फळीही कुजेल.

3. तपासणी

- जोरदार पावसात खाली उभे राहून पाणी कुठून गळते ते पाहा.
- कोरड्या दिवशी फळीत स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. तो सहज रुतला तर लाकूड निकामी आहे.
- मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.
- सॉफिटला जुना सिमेंटचा पत्रा असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तो कोरडा कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. हे काम जाणकारांकडेच द्यावे.

पन्हळीचे वजनही मोजा. 150 मिलिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ पाचोळ्याने तुंबून भरली, तर तिच्यात दर मीटरला सुमारे 8.8 लिटर पाणी साठते. 6 मीटरला हा भार 53 किलो होतो. कुजलेल्या फळीतले खिळे तो पेलू शकत नाहीत आणि खाली माणसांची ये-जा असते.

4. दुरुस्तीचा क्रम

1. परांची बांधा. शिडीवरून हे काम करू नका.
2. खालच्या दोन ओळींची कवेलू, पन्हळ आणि फेशिया उतरवा.
3. वाशांची टोके तपासा. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापा आणि शेजारी नवा वासा बोल्टने जोडा. तो वळचणीच्या रुंदीच्या किमान दुप्पट आत जावा, 0.6 मीटर वळचण असेल तर 1.2 मीटर. हा टांगता भाग असल्याने आतली लांबी वाढली की बोल्टवरचा ताण कमी होतो.
4. नवी फळी सुकवलेल्या लाकडाची घ्या. बसवण्यापूर्वीच तिच्या सहाही बाजूंना प्राइमर लावा. कापलेली टोके विसरू नका.
5. दोन फळ्यांचा सांधा वाशाच्या टोकावरच, तिरका कापून घ्या. स्क्रू गंजरोधक वापरा.
6. पहिल्या ओळीची कवेलू फळीच्या पुढे पन्हळीत झुकतील अशी बसवा आणि पन्हळीला उतार द्या.
7. सॉफिट बंद करण्यापूर्वी आढ्याजवळून बादलीने पाणी ओतून पाहा.
8. सॉफिटमध्ये हवेसाठी फट ठेवा आणि तिला बारीक जाळी लावा. सगळे घट्ट बंद केले, तर आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही.

पावसाळा संपून लाकूड वाळल्यावर हे काम काढावे. ओल्या लाकडावर लावलेला रंग टिकत नाही.

5. स्वाध्याय

1. वरील पन्हळीचा व्यास 100 मिलिमीटर असेल, तर 6 मीटर लांबीत किती पाणी साठेल?
2. तुमच्या गावातील एका जुन्या घराची वळचण खालून पाहा. पाण्याची वाट दाखवणारी आकृती काढा आणि दुरुस्ती कुठून सुरू कराल ते कारणासह लिहा.