जुन्या कॅसेटींचे डिजिटल जतन

एका स्नेह्यांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेटी नुकत्याच माझ्या स्वाधीन केल्या. त्या निमित्ताने या कामाचा दस्तूर येथे नमूद करतो.

प्रथम कॅसेट एकवार पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्यावी आणि डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकणाऱ्या या फितीच्या दिशेशी हेडची सूक्ष्म फट काटकोनात नसेल, तर उच्च कंप्रता प्रथम लोपतात. सबब हेडचा हा कोन जुळवणारा ॲझिमथचा स्क्रू, आवाज स्वच्छ होईपर्यंत, प्रत्येक कॅसेटगणिक अलगद फिरवावा.

डेकची जोडणी संगणकाच्या माइकच्या नव्हे, लाइन-इनच्या सॉकेटात करावी. ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वॅव्ह स्वरूपात ठेवावे. आणि खरखर काढण्याचा मोह अनावर झालाच, तर तो नकलेवर पुरवून मूळ प्रत अबाधित राखावी.

शंका असल्यास बेलाशक विचाराव्यात.