स्मृतीतील जागा मोकळी केव्हा करायची?

संगणकाच्या आज्ञावलीला काम करताना स्मृतीत जागा लागते. काम संपल्यावर ती परत केली नाही, तर जागा नुसतीच अडून राहते. पण काम संपले हे ओळखायचे कसे? १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी सोपी युक्ती सुचवली. स्मृतीतील प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवायचा. नवा वापर सुरू झाला की त्यात एक मिळवायचा, वापर संपला की एक वजा करायचा. आकडा शून्य झाला की जागा मोकळी.

एकाच आज्ञावलीतील अनेक कामे, ज्यांना थ्रेड म्हणजे धागे म्हणतात, एकाच वेळी तीच स्मृती वापरू लागली की मात्र घोटाळा होतो. एक मिळवणे ही आपल्याला एक कृती वाटते. संगणकाच्या लेखी त्या तीन असतात: वाचणे, मिळवणे, परत लिहिणे. वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर २ लिहा. दोन विद्यार्थ्यांनी तो एकदमच वाचावा, मनात एक मिळवावा आणि आळीपाळीने उत्तर फळ्यावर लिहावे. दोघेही ३ लिहितील. हवे होते ४. आता तीन वापर संपताच आकडा शून्य होतो. चौथा वापर चालू असतानाच जागा मोकळी होते आणि तेथे भलतीच माहिती येऊन बसते. वजाबाकीत असे झाले तर जागा अडकते, एवढेच. ते त्यातल्या त्यात बरे. पहिला दोष फार वाईट, कारण शंभरदा चाचणी घेऊनही तो दिसेलच असे नाही.

पायथन भाषेच्या मुख्य प्रणालीने यावर सरधोपट उपाय केला: सर्वांसाठी मिळून एकच कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, तोच धागा पायथनच्या आज्ञा चालवणार. मग संगणकात आठ प्रक्रियक असले तरी बाकीचे ताटकळतात! तिन्ही कृती अखंडपणे करणारी आज्ञा प्रक्रियकात असते, पण ती महाग पडते. १९९० च्या दशकात ग्रेग स्टाइन यांनी हे कुलूप काढून पाहिले, तेव्हा एकाच धाग्याच्या आज्ञावल्या मंदावल्या.

अलीकडची युक्ती आम्हाला विशेष आवडते. बहुतेक वस्तू ज्या धाग्याने निर्माण केल्या, तोच त्या वापरतो. म्हणून आकडे दोन ठेवायचे: मालक धाग्याचा साधा आणि इतरांसाठी अखंड आज्ञेने बदलणारा. महागडा व्यवहार क्वचितच करावा लागतो. सॅम ग्रॉस यांनी या तत्त्वावर मांडलेला प्रस्ताव २०२३ मध्ये स्वीकारला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत कुलूपाविना चालणारे पायथन प्रयोगादाखल उपलब्ध झाले.