मानकोलीचं अधिक, कसाऱ्याचं अधिक

अंजूरफाटा ते मानकोली या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात गॅरेजवाल्याकडे पान्ह्यांच्या शेजारी आता स्कॅनरही असतो. ‘फ्युएल ट्रिम +14’ असा आकडा झळकला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि उस्ताद सेन्सर मागवायला फोन उचलतो. फोन करायला हरकत नाही, पण जरा थांबून.

ट्रक म्हटला की ट्रिम असणारच, ही पहिली चुकीची समजूत. डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवेत चालतं, त्यामुळे हवा-इंधनाचं एकच ठरलेलं प्रमाण धरून ठेवायची त्याला गरज नसते. डिझेल गाडीत स्कॅनर दाखवतो ते बहुधा इंजेक्टरनिहाय फेरफार. त्यांचा हिशेब वेगळा. ट्रिम ही पेट्रोल आणि सीएनजीची भानगड. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. या पिढीच्या सीएनजी ट्रकांत सहसा असा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ज्याला मिश्रण नेमकंच लागतं: 1 किलो गॅसला साधारण 17 किलो हवा. पेट्रोलला 14.7. हे प्रमाण राखायला कॉम्प्युटर गॅस सतत कमीजास्त करतो, आणि ती दुरुस्ती टक्क्यांत दिसते. तोच ट्रिम.

आता चिन्ह. ‘अधिक आहे, म्हणजे गॅस जास्त जातोय’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं तर +14 म्हणजे कॉम्प्युटरला मिश्रण लीन (गॅस कमी, हवा जास्त) वाटलं, म्हणून तो ठरलेल्यापेक्षा 14 टक्के गॅस वाढवतोय. उणे आकडा म्हणजे रिच (गॅस जास्त) वाटलं, म्हणून हात आखडला. शॉर्ट टर्म सारखा हलतो, तो हललाच पाहिजे. लाँग टर्म सावकाश सरकतो. दोन्हींची बेरीज करून वाचायचं: लाँग +14, शॉर्ट -3, तर खरी दुरुस्ती +11. पाच टक्क्यांच्या आतबाहेर असेल तर झोप उडवून घेऊ नये. दहाच्या पुढे टिकून राहिला, तर शोधाला लागावं.

‘लीन वाटलं’ हा शब्द मुद्दाम वापरला. सायलेन्सरकडच्या सेन्सरला गॅस दिसत नाही, उरलेला ऑक्सिजन तेवढा कळतो. एक प्लग मिसिंग करत असेल तर त्या सिलिंडरची न जळलेली हवा सरळ बाहेर येते आणि सेन्सर ‘लीन’ सांगतो, जरी गॅस पुरेसा गेलेला असला तरी. सेन्सरच्या आधीचं गॅस्केट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते; निकाल तोच. अशा वेळी बदलला जाणारा सेन्सर बहुतेकदा निर्दोष असतो. खबर देणाऱ्यालाच फाशी!

म्हणून ‘किती’ याच्याइतकंच ‘केव्हा’ विचारा. मानकोलीच्या रांगेत गाडी स्लोवर असताना आकडा चढतो आणि रेस दिली की उतरतो, तर फटीतून हवा शिरत असावी. स्लोवर इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात फटीचा वाटा मोठा पडतो. मात्र इथे एक मेख आहे. हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर इनटेकची फट ट्रिममध्ये दिसते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या इंजिनात ती हवा दाबातूनच हिशेबात येते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही, स्लो मात्र वाढतो. तिथे आधी एक्झॉस्टचे जोड तपासावेत.

उलट, नाक्यावर सगळं ठीक आणि नाशिकला जाताना कसारा घाटात, भरल्या गाडीला आकडा चढत जातो, तर गॅसचा पुरवठा तोकडा पडतोय. टाकीतला दाब 200 बारपर्यंत असतो, तो रेग्युलेटर उतरवतो. रेग्युलेटर थकला किंवा गॅस फिल्टर तेलकट होऊन तुंबला, की चढावरची मागणी भागत नाही.

धुळीच्या रस्त्यांमुळे एअर फिल्टरवरही संशय येतो. चोंदलेला फिल्टर मिश्रण रिच करतो हे कार्ब्युरेटरच्या काळात खरं होतं. आता हवा फिल्टरच्या पुढे मोजली जाते; हवा कमी आली तर गॅसही तेवढाच कमी. गाडी ओढ सोडेल, ट्रिम फारसा बिघडणार नाही.

दोन बँकांचे, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांचे, आकडे वेगळे दिसणं ही व्ही इंजिनची गोष्ट. बिघाड एकाच बाजूला आहे, हे त्यावरून कळतं. आपल्याकडचे सीएनजी ट्रक सहसा सरळ रांगेच्या इंजिनाचे, बँक एकच. कधी सेन्सर 2 पुढे 99.2 टक्के दिसून घाबरगुंडी उडते. पण एका बाइटमध्ये मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा आहे. ‘हा सेन्सर ट्रिमच्या हिशेबात नाही’ हे सांगायला तो तिथे टाकलेला असतो.

राहिली बॅटरीची तार काढण्याची युक्ती. तिने अनेक गाड्यांत शिकलेला आकडा शून्यावर येतो, फट मात्र तशीच राहते आणि चारदोन फेऱ्यांत आकडा परत चढतो. शिवाय बिघाडाचा कोड पुसला की त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड नोंदला तेव्हा इंजिन किती आरपीएमवर, किती लोडवर होतं हे तिच्यातच असतं. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.