गुठळीचा माग

घोणस चावलेला माणूस दवाखान्यात आला, की डॉक्टर त्याचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि नळीला धक्का न लावता ती २० मिनिटं ठेवून देतात. वेळ भरल्यावर नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल, तर घरच्यांचा जीव जरा भांड्यात पडतो. ते पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय असं समजून सापाची लस सुरू होते. आंबेगाव-जुन्नरच्या भातखाचरांत राबणाऱ्यांना ही २० मिनिटं नवी नाहीत. रक्त न गोठण्यात जिवाला धोका असतो, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मात्र उलटंच ऐकू येऊ लागलं. शिनोलीचा रुग्ण आधी घोडेगावला, तिथून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर अवसरी खुर्दच्या कोविड केंद्रात, आणि जागा नसेल तर पुण्याच्या वाटेला लागायचा. घरच्यांच्या फोनवर रिपोर्टचा फोटो यायचा. ऑक्सिजन किती, सीटी स्कॅनचा स्कोअर किती, यांच्या जोडीला ‘डी-डायमर’ हा नवा शब्द गावात आला. तो वाढला म्हणजे रक्तात गुठळ्या झाल्या, एवढाच अर्थ पोचला. त्या एका आकड्याने कितीतरी घरांची झोप उडवली, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सल्ल्याशिवाय घेणारेही निघाले. श्वसनाचे विषाणू पुन्हा येणारच आहेत. तेव्हा हा आकडा कुठून येतो आणि कसा वाचायचा, ते आत्ता, घाई नसताना समजून घेऊ.

बांधाला खांड पडते तेव्हा

जुलैच्या पावसात खाचराच्या बांधाला खांड पडली, की शेतकरी आधी हाताला लागतील ते दगड टाकतो. नुसत्या दगडांनी पाणी थांबत नाही, म्हणून त्यांच्यात पेंढा कोंबतो, तो गाठी मारून घट्ट करतो आणि वर चिखल लिंपतो. रक्तवाहिनीला जखम झाल्यावर शरीरही जवळपास असंच करतं.

पहिले दगड म्हणजे प्लेटलेट. त्या जखमेच्या तोंडाशी चिकटून एकमेकींना धरतात. पेंढा येतो यकृतातून. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन तिथे तयार होतं आणि रक्तात विरघळून फिरत असतं. जखमेपाशी थ्रोम्बिन हे विकर तयार झालं, की ते फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे छाटतं. मग त्याचे न विरघळणारे धागे बनतात, ते फायब्रिन. या धाग्यांना आडव्या गाठी मारायचं काम ‘फॅक्टर १३’ करतो. झाली गुठळी तयार.

जखम भरली, की गुठळी हटवावी लागते. नाहीतर प्रवाह अडून राहील. ते काम प्लाझ्मिन करतं. ते फायब्रिनचे धागे कापत जातं, पण फॅक्टर १३ ने मारलेली गाठ त्याला सोडवता येत नाही. फायब्रिनोजेनच्या प्रत्येक रेणूच्या दोन्ही टोकांना ‘डी’ नावाचा भाग असतो. शेजारच्या दोन रेणूंचे ‘डी’ त्या गाठीने जोडलेले असतात, आणि धागा कापला तरी ते जोडीनेच सुटतात. डायमर म्हणजे जोडी. ही जोडी रक्तात वाहत येते, ती मोजायची तपासणी म्हणजे डी-डायमर.

खालच्या ओढ्याला सुटा पेंढा वाहत आला, तर तो कुठूनही आलेला असेल. गाठ मारलेला पेंढा आला, तर वर कुठेतरी खांड बुजवली होती आणि ते बुजवणं आता सुटतंय, हे नक्की. डी-डायमर एवढंच सांगतो. खांड कुठे आहे, किती मोठी आहे, कशाने पडली, यातलं काहीही तो सांगत नाही.

फुप्फुसात काय होतं

कोविडचा विषाणू एसीई-२ या दारातून पेशीत शिरतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना वेढून केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांचं आतलं अस्तर धड असतं, तोवर रक्त त्याला न चिकटता वाहतं. जोराची दाहक प्रतिक्रिया उसळली, की हे अस्तर दुखावतं, प्लेटलेटना धरून ठेवणारं प्रथिन बाहेर पडतं आणि थ्रोम्बिनचं चक्र सुरू होतं. त्यात रुग्ण दिवसचे दिवस पडून, म्हणजे पायातलं रक्तही संथ. मग बाहेरून कापल्या-खरचटल्याची खूण नसतानाही आत गुठळ्या धरतात.

२०२० मध्ये कोविडने आणि फ्लूने दगावलेल्या प्रत्येकी सात जणांची फुप्फुसं संशोधकांनी ताडून पाहिली. कोविडच्या फुप्फुसांत बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या ९ पट आढळल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये वुहानच्या १९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला. तेव्हापासून ही तपासणी जगभरच्या कोविड वॉर्डात नेहमीची झाली.

रिपोर्ट हातात घेऊन

गोठण्याच्या तपासण्यांचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत जातं. तिच्यात सायट्रेटचं द्रावण असतं आणि त्याचं माप ठरलेलं: ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडे चुकतात. रक्त साधारण चार तासांत प्रयोगशाळेत तपासून व्हावं लागतं. डोंगरातल्या वाडीवरून नमुना पाठवायचा, तर या दोन गोष्टी मशीनच्या किमतीहून महत्त्वाच्या ठरतात.

पहिली ओळ प्लेटलेटची. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या झपाट्याने घसरतात, हे आता घरोघरी माहीत आहे. कोविडमध्ये बहुतेकांच्या प्लेटलेट ठीक किंवा किंचित कमी असतात.

पुढे पीटी आणि आयएनआर. रक्ताच्या द्रवात गोठण्याचं चक्र मुद्दाम सुरू करून धागे बनायला किती सेकंद लागतात, ते पीटी सांगतो. निरोगी माणसात ते १२-१३ सेकंदांच्या आसपास येतं आणि आयएनआर १ च्या जवळ. कोविडमध्ये यात सुरुवातीला फारसा फरक पडत नाही.

मग फायब्रिनोजेन: डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम. शरीरात दाह असला की यकृत ते जास्त बनवतं, म्हणून कोविडमध्ये हा आकडा चढलेला असतो. अत्यवस्थ रुग्णात तो घसरू लागला, तर गोठण्याचा माल संपत चालला आहे. डॉक्टर तिथे सावध होतात.

शेवटी डी-डायमर. इथे आकड्याआधी एकक बघायचं. ०.५ मायक्रोग्रॅम आणि ५०० नॅनोग्रॅम हे एकच आहे, ०.५ च्या जागी ५०० वाचून घाबरू नये. काही प्रयोगशाळा ‘एफईयू’त मोजतात, काही ‘डीडीयू’त, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट येतो. एफईयूमध्ये मर्यादा ५०० नॅनोग्रॅमची. पन्नाशीनंतर ती वयाच्या दहापट धरण्याची पद्धत आहे, म्हणजे सत्तरीच्या आजोबांसाठी ७००. एका प्रयोगशाळेचा सोमवारचा आकडा दुसरीच्या गुरुवारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही. गर्भारपण, ताजं ऑपरेशन, मोठी जखम, कर्करोग, यकृताचा आजार, यांतही डी-डायमर वाढतो.

एकच आकडा, दोन उलटे आजार

सुरुवातीच्या घोणशीकडे पुन्हा येऊ. तिचं विष गोठण्याचं चक्र भन्नाट वेगाने फिरवतं. फायब्रिनोजेन सगळं खर्ची पडतं, बनलेले धागे कापले जातात, म्हणून नळीत रक्त गोठत नाही. या रुग्णाचा डी-डायमर तपासला, तर तो प्रचंड वाढलेला येतो. शेजारच्या खाटेवरच्या कोविडच्या रुग्णाचाही डी-डायमर वाढलेला. पण एकाचं फायब्रिनोजेन तळाला आणि हिरड्यांतून रक्त येतंय. दुसऱ्याचं फायब्रिनोजेन भरपूर आणि धोका गुठळीचा. एकाला सापाची लस हवी, दुसऱ्याला गुठळी रोखणारं हेपॅरिन. नुसता डी-डायमर पाहून औषध ठरवलं, तर चूक जिवावर बेतेल.

पोटातलं इंजेक्शन

कोविडच्या रुग्णांना पोटाच्या कातडीखाली जे इंजेक्शन मिळायचं, ते हेपॅरिनच्या जातीचं. त्याला ‘रक्त पातळ करणारं’ म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळी त्याने विरघळतही नाही. ते थ्रोम्बिनला आवरतं, त्यामुळे नवे धागे बनत नाहीत. जुनी गुठळी प्लाझ्मिन आपल्या गतीने कापत राहतं.

जास्त मात्रा दिली तर जास्त फायदा होईल का? ऑगस्ट २०२१ मध्ये याचं उत्तर आलं. दाखल झालेल्या, पण अत्यवस्थ नसलेल्या २,२०० हून अधिक रुग्णांत पूर्ण मात्रेचा फायदा दिसला. अतिदक्षता विभागातल्या सुमारे १,१०० रुग्णांत तो दिसला नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १५,००० दाखल रुग्णांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली; गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत मृत्यू १७ टक्केच राहिले. घरी राहून बरे होणाऱ्यांत मोठ्या गुठळ्या मुळातच क्वचित होतात, त्यामुळे त्यांनाही अशा गोळ्यांचा लाभ दिसला नाही. रक्तस्रावाची जोखीम मात्र गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या माथी येते.

घरच्यांनी काय करावं

वहीच्या एकाच पानावर तारीख, प्रयोगशाळा, आकडा, एकक आणि त्या दिवशीचा ऑक्सिजन लिहून ठेवा. पुण्याला न्यायची वेळ आली, तर हे पान तिथल्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतं. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ ला फोन करा. गोळ्या चालू असताना शौचाला काळं होणं, हिरड्यांतून रक्त येणं, हेही लगेच डॉक्टरांना सांगायचं.

ओढ्यात गाठीचा पेंढा दिसला, की शेतकरी काठावर उभा राहून तो मोजत बसत नाही. खांड कुठे पडली ते बघायला बांधाबांधाने वर जातो. वाढलेला डी-डायमर हातात आला, की आपणही कागद बाजूला ठेवून आधी रुग्णाकडे बघायचं: श्वास कसा चाललाय, बोटावर ऑक्सिजन किती दाखवतोय, दोन्ही पोटऱ्या सारख्या आहेत का. मग हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, आणि आकडा त्याच्या जोडीने.